टँक, लेक व रिझर्व्हॉयर

पाण्याच्या साठ्यास इंग्रजीत टँक, लेक व रिझर्व्हॉयर असे तीन शब्द योजतात. त्यांना सरसकट समानार्थी मानल्यास अर्थाचा घोटाळा होतो.

‘लेक’ म्हणजे मुख्यत्वे निसर्गनिर्मित सरोवर; उल्कापाताने झालेले लोणार हे त्याचे उदाहरण. ‘रिझर्व्हॉयर’ म्हणजे पुढील उपयोगासाठी साठविलेला जलाशय. कोयना धरणामागील शिवाजीसागर या प्रकारचा होय. ‘टँक’चा सामान्य अर्थ टाकी, परंतु भारतीय इंग्रजीत, विशेषतः दक्षिणेत, उतारावर मातीचा बांध घालून पावसाचे पाणी अडविलेल्या तलावासही टँकच म्हणतात.

म्हणून मद्रासच्या इतिहासातील ‘लाँग टँक’चे ‘लांब टाकी’ असे भाषांतर केल्यास वाचक फसेल. तो विस्तीर्ण तलाव होता. १९२०च्या दशकात त्याचा काही भाग कोरडा करून तेथे त्यागराय नगर, म्हणजेच आजच्या चेन्नईतील टी. नगर, वसविण्यात आले. पश्चिम मांबलममधील लेक व्ह्यू रोड व नुंगम्बाक्कममधील टँक बंड रोड ही नावे या लुप्त जलाशयाची आठवण देतात. व्यवहारात टँक व लेक यांची सीमा किती पुसट असते, हेही त्यांवरून दिसते.

हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. टाकी हलविली की तिचा प्रश्न मिटतो. तलाव आटविला तरी त्याची सखल भूमी व तिच्याकडे येणारा उतार राहतोच. नोव्हेंबर २०२१मधील अतिवृष्टीत टी. नगरचे रस्ते पाण्याखाली गेले, त्यास तुंबलेल्या कालव्याबरोबर ही भूरचनाही कारणीभूत होती. यास्तव भाषांतरकाराने कोशातील पहिला अर्थ उचलण्यापूर्वी प्रत्यक्ष वस्तू कोणती, हे पाहावे.