मनातील अडसर आणि प्रश्नांची उकल

१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून निघालेली पहिली प्रवासी आगगाडी ठाण्यास पोहोचली आणि पुढील वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला. कल्याणपासून हा मार्ग दुभंगतो. एक फाटा कसाऱ्याकडे जातो, तर दुसरा कर्जतकडे. दोन्ही वाटांवर सह्याद्रीचा कडा आडवा होता. चढ तीव्र, एका अंगास कातळ, दुसऱ्या अंगास दरी, आणि गाडीला वळण घेण्यास पुरेशी जागा नाही, अशी ही अडचण होती. त्यावर अभियंत्यांनी काढलेला मार्ग साधा होता. गाडी सपाट जागी आणून थांबवावयाची, इंजिन मागच्या टोकास नेऊन जोडावयाचे आणि दुसऱ्या रुळावरून उलट दिशेने उरलेला चढ चढावयाचा. या रीतीने १८६३ मध्ये बोरघाट आणि १८६५ मध्ये थळघाट आगगाडीस खुला झाला. पुढे मार्गात सुधारणा झाल्यावर ही व्यवस्था बंद करण्यात आली.

या उदाहरणातील डोंगर खरा होता. तो विचाराने दूर होणारा नव्हता. परंतु दिशा बदलावयाची तर गाडीने वळणच घेतले पाहिजे, ही अट डोंगराने घातलेली नव्हती. ती मनाने घातलेली होती. कोणत्याही अडचणीत खऱ्या मर्यादा कोणत्या आणि आपण नकळत घातलेल्या अटी कोणत्या, हे वेगळे करणे ही सर्जनशील विचाराची पहिली पायरी होय. अशा नकळत घातलेल्या अटींनाच मानसशास्त्रात मनाचे अडसर म्हणतात. ते कवी-कलावंतांपुरते मर्यादित नाहीत. कार्यालयातील टेबलापाशी, शाळेच्या वर्गात आणि ग्रामसभेतही ते आढळतात.

सवयीचा अडसर

अब्राहम लुचिन्स या मानसशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग शिक्षकांना वर्गात सहज करून पाहता येईल. २१, १२७ आणि ३ मापांची तीन भांडी आहेत. त्यांच्या साहाय्याने नेमके १०० माप पाणी मोजावयाचे आहे. मोठे भांडे भरून त्यातून एकदा २१ आणि दोनदा ३ मापे काढली की १०० उरतात. याच रीतीने सुटणारी काही गणिते लुचिन्स यांनी एकामागून एक दिली. मग २३, ४९ आणि ३ मापांची भांडी देऊन २० माप पाणी मागितले. जुन्या रीतीने उत्तर येतेच. पण २३ मधून ३ काढले की ते एका पायरीतच मिळते. बहुतेकांना ही सोपी वाट दिसली नाही. ज्यांनी आधीची गणिते सोडविलेली नव्हती, त्यांना मात्र ती सहज दिसली.

येथे अडथळा अज्ञानाचा नव्हता, तर यशस्वी ठरलेल्या रीतीचा होता. शासकीय कामकाजात मागील प्रकरण पाहून त्याप्रमाणे टिपणी लिहिण्याची पद्धत आहे. तिने कामात समानता येते, हा तिचा मोठा गुण. परंतु मागील प्रकरण आणि आजचे प्रकरण यांत फरक असेल, तर तीच पद्धत डोळ्यांवर पट्टी बांधते. लुचिन्स यांना असेही आढळले की, आंधळेपणाने पुढे न जाण्याची साधी सूचना मध्येच दिली असता अनेकांना सोपी वाट दिसू लागते. अडसर पक्का असला, तरी तो जाणीव होताच हलू शकतो, असा याचा अर्थ होतो.

ठरलेल्या उपयोगाचा अडसर

कार्ल डंकर यांच्या १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मेणबत्ती भिंतीवर बसवावयाची होती. त्यासाठी पेटीतील टाचण्या ओतून रिकामी पेटीच भिंतीला टाचावयाची आणि तिच्यावर मेणबत्ती ठेवावयाची होती. पेटी टाचण्यांनी भरलेली दिली, तेव्हा पुष्कळांना हे सुचले नाही. त्यांच्या दृष्टीने पेटी वस्तू ठेवण्यापुरतीच होती.

शाळा म्हणजे इमारत आणि मुलाने तेथे ठरलेल्या वेळी यावयाचे, हा असाच एक ठरलेला उपयोग. तो मोडण्याचे काम जुन्या ठाणे जिल्ह्यात झाले. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे कार्य सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. गरीब वस्त्यांमधील मुले बालवाडीत येत नाहीत, असे त्यांना आढळले. मुलांना बालवाडीत कसे आणावे, या प्रश्नाऐवजी त्यांनी बालवाडी मुलांपर्यंत कशी न्यावी, हा प्रश्न घेतला. वस्तीतल्या अंगणातच वर्ग भरू लागला आणि अंगणवाडी ही कल्पना रूपास आली.

पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम सुरू झाले, तेव्हा आणखी एक अडचण दिसली. काही मुले दिवसभर गुरे राखत होती. त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरविण्यात आली, तीच कुरणशाळा. काही मुली धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी राहत. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली. मुले अनुत्साही आहेत किंवा पालक बेफिकीर आहेत, असे मानून या कार्यकर्त्या थांबल्या असत्या, तर ही मुले शिक्षणाबाहेरच राहिली असती. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. बोर्डी आणि कोसबाड ही गावे १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहेत.

१९९० च्या दशकात याच परिसरात वीटभट्ट्यांवर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी विधायक संसद या संस्थेने भोंगाशाळा चालविल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरील मजुरांची तात्पुरती झोपडी. कुटुंब हंगामात गाव सोडते, ही वस्तुस्थिती नाकारण्याऐवजी शाळाच भट्टीजवळ नेण्यात आली.

वय आणि संकोच यांचा अडसर

काही अडसर समाजाच्या समजुतींतून येतात. शिकण्याचे वय असते, ही त्यांपैकी एक. कल्याणहून मुरबाडकडे गेल्यावर त्या तालुक्यात फांगणे हे लहान गाव लागते. तेथे जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या स्त्रिया गुलाबी साडीच्या गणवेशात, पाठीवर दप्तर घेऊन अक्षरे गिरवू लागल्या. पोथी स्वतः वाचावी, अंगठ्याऐवजी सही करावी, या इच्छा त्यांच्या मनात आधीपासूनच होत्या. या वयात हसे होईल, ही भीती तेवढी आड येत होती. सर्वांनाच एक गणवेश मिळाला आणि वर्ग दुपारच्या मोकळ्या वेळी ठेवण्यात आला, तेव्हा तो संकोच ओसरण्यास मदत झाली. येथेही नवे साधन फारसे लागले नाही. आजी शिकणार नाहीत, हे गृहीत धरणे सोडून द्यावे लागले.

बैठकीतील मौन

अनेकांनी एकत्र बसून विचार केला की अधिक कल्पना सुचतात, असा समज आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठात १९५८ मध्ये झालेल्या अभ्यासात वेगळेच आढळले. एकत्र बसलेल्या गटापेक्षा तेवढ्याच माणसांनी स्वतंत्रपणे विचार करून मांडलेल्या कल्पना संख्येने अधिक भरल्या. बैठकीत एकाचे बोलणे चालू असता दुसऱ्याची कल्पना विरून जाते. वरिष्ठांनी आधी मत दिले की कनिष्ठ गप्प बसतात. ग्रामपंचायतीच्या बैठकीत नव्याने निवडून आलेल्या महिला सदस्यांची सूचना बोलण्याआधीच मागे पडते, ती पुष्कळदा याच कारणाने. यावर उपाय असा की प्रत्येकाने प्रथम आपल्या सूचना चिठ्ठीवर लिहाव्यात, मग त्या नावाविना वाचून दाखवाव्यात आणि अध्यक्षांनी आपले मत शेवटी सांगावे. ज्यांना लिहिता येत नसेल, त्यांची सूचना शेजारच्याने उतरवून घ्यावी.

प्रश्नाची फेरमांडणी

प्रश्न ज्या शब्दांत मांडला जातो, त्या शब्दांतच त्याचे उत्तर बऱ्याच अंशी ठरलेले असते. कल्याण-डोंबिवलीचा कचरा हे याचे ठळक उदाहरण. कल्याणच्या आधारवाडी येथे वर्षानुवर्षे कचरा साठत गेला. कचरा टाकावयास दुसरी जागा कोठे, असा प्रश्न असेल तोवर प्रत्येक गाव नकार देणार, हे उघडच होते. घनकचऱ्याच्या व्यवस्थेअभावी मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये महापालिका क्षेत्रातील नव्या बांधकामांना परवानगी देण्यास मनाई केली, इतका हा प्रश्न चिघळला. टाकावयाचा कचरा मुळात कमी कसा होईल, असा प्रश्न घेतला की लक्ष जागेवरून घराच्या दाराकडे वळते. महापालिकेने २०२० मध्ये ओला व सुका कचरा वेगळा देण्याची सक्ती केली आणि २०२१ मध्ये आधारवाडीस कचरा टाकणे थांबविण्यात आले. शहराची स्वच्छता त्यामुळे आपोआप साधत नाही. रोजची शिस्त लागतेच. पण कोंडलेली वाट त्यामुळे मोकळी झाली.

ही रीत कोणत्याही कार्यालयात किंवा शाळेत वापरता येईल. प्रश्न एका वाक्यात लिहावा. त्यात गृहीत धरलेली प्रत्येक गोष्ट त्याखाली वेगळी मांडावी. प्रत्येक गोष्टीपुढे ती कायद्याने ठरलेली आहे, पैशाने ठरलेली आहे की केवळ वहिवाटीने, याची नोंद करावी. जी केवळ वहिवाटीने आलेली असेल, ती उलटी करून प्रश्न पुन्हा लिहावा. ज्यांना अडचण प्रत्यक्ष भोगावी लागते, त्यांना तो वाचून दाखवावा. गुरे राखणाऱ्या मुलाला कोणती वेळ मोकळी असते, हे त्यालाच ठाऊक असते. सुचलेला उपाय एका वस्तीत किंवा एका वर्गात थोडे दिवस करून पाहावा आणि चूक आढळल्यास ती दोष म्हणून नव्हे, तर माहिती म्हणून नोंदवावी.

प्रत्येक नियम हा अडसर असतो, असे मात्र समजू नये. सार्वजनिक पैशाचा हिशेब, आरक्षण, सुरक्षितता यांविषयीचे नियम दुर्बलांच्या रक्षणासाठी असतात. घाटातील कड्याप्रमाणे त्यांचा मान राखूनच वाट काढावी लागते. परंतु एखादा अर्ज नाकारताना 'असे आजवर झालेले नाही' एवढेच कारण हाती उरत असेल, तर टिपणीवर सही करण्यापूर्वी एकदा थांबावे. कुरणशाळाही तोपर्यंत कधी झालेली नव्हती.