बुजऱ्या मुलाचे औषध मैदानावर

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की आमच्या दवाखान्यात एका ठराविक तक्रारीची मुले हमखास येतात. सकाळी दप्तर भरायची वेळ झाली की पोटात दुखते. रविवारी मात्र काही नाही. गेल्या वर्षी कृष्णाकाठच्या एका गावातून आठवीतला मुलगा असाच आला. प्रश्न मी त्याला विचारत होतो आणि उत्तरे आई देत होती. "डॉक्टर, लई बुजरा हाय. कुणात मिसळतच न्हाई." मी आधी जंताचे औषध दिले, मग आम्लपित्ताचे. रक्त, लघवी, सोनोग्राफी, सारे ठीक. दोन महिने गेल्यावर माझ्या लक्षात आले, की मी नुसते पोटच तपासत बसलो होतो.

अशा मुलाचे दुखणे हे ढोंग नव्हे, हे पालकांनी प्रथम समजून घ्यावे. मेंदू आणि आतडी मज्जातंतूंनी जोडलेली आहेत. मनावर ताण आला की पोटात खरोखरच कळ येते. या मुलाला ताण होता तो चारचौघांत बोलण्याचा. शाळा नवीन, ओळखीचे कोणी नाही. "मूग गिळून बसलास का?" असे दटावल्याने मूल बोलत नाही, उलट अधिकच मिटते. त्याला असे काम द्यावे लागते, की ज्यात शब्द एकच लागतो, पण तो सगळ्यांना हवा असतो.

असा खेळ आपल्याकडे पूर्वापार आहे. खो-खोत आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून रांगेत बसतात आणि नववा पाठलाग करतो. त्याला बसलेल्यांच्या मधून पलीकडे जाता येत नाही. एकदा दिशा धरली की मागेही वळता येत नाही. पळणारा पलीकडे निसटला, की बसलेल्या गड्याच्या पाठीवर हात लावून मोठ्याने 'खो' द्यावाच लागतो. म्हणजे कितीही चपळ मुलगा असला, तरी नियमानेच तो एकट्याने जिंकू शकत नाही. बसलेल्यालाही कान टवकारून बसावे लागते. खो मिळण्याआधी उठला तर फाऊल. बोलणे, ऐकणे आणि वेळेवर दुसऱ्याच्या हाती काम सोपवणे, हे तिन्ही धडे एका डावात मिळतात.

कबड्डीतही तेच. चढाई करणाऱ्याला पकडताना साखळीतल्या दोघांनी नजरेने एकमेकांना सांगावे लागते. बाद झालेला गडी बाहेर बसतो आणि सोबत्यांनी गुण मिळवला की पुन्हा आत येतो. आपले उभे राहणे दुसऱ्याच्या कष्टावर अवलंबून आहे, हे मुलाला व्याख्यान न देता कळते.

मी शाळेतल्या पी.टी.च्या सरांना चिठ्ठी लिहिली, "याला रोज खो-खोत बसवा." पहिला आठवडाभर याचा खो शेजाऱ्यालाही ऐकू जाईना. मग सगळी रांगच ओरडू लागली, "मोठ्यानं दे की!" दिवाळीनंतर आई आली ती स्वतःच्या गुडघ्यासाठी. म्हणाली, "आता पोटाचं नाव काढत न्हाई. पण घरात उलटून बोलाय लागलाय." म्हटले, "ताई, तेवढे चालवून घ्या." वर्गात धडा वाचताना तो अजूनही अडखळतो, पण शाळा बुडवत नाही.

पालकांनी व शिक्षकांनी पुढील गोष्टी कराव्यात :

१) दोन कप्तानांना एकेक गडी निवडायला लावू नये. शेवटी उरणाऱ्या मुलाला ते फार लागते. एक-दोन, एक-दोन असे मोजून संघ पाडावेत.

२) कप्तान दर आठवड्याला बदलावा. बुजऱ्या मुलाची पाळीही यावी, पण पहिल्याच दिवशी नको.

३) डाव संपल्यावर पाच मिनिटे गोल बसावे. "आज कोणी कोणाला मदत केली?" एवढेच विचारावे. चुकलेल्याचे नाव घेऊन हसू नये.

४) मुलींना बारा-तेराव्या वर्षी घरी बसवू नये. मासिक पाळी हे खेळ बंद करण्याचे कारण नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला खो-खोचा पहिला विश्वचषक आपल्या पुरुष व महिला, दोन्ही संघांनी जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कप्तान महाराष्ट्राचेच.

५) पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जेवल्याबरोबर खेळू नये; पाणी जवळ ठेवावे.

मात्र खेळ हा प्रत्येक दुखण्यावर उतारा नाही. मूल बोलत नसेल तर आधी कान तपासून घ्यावेत. कमी ऐकू येणारी मुलेही बुजरी वाटतात. शाळेत कोणी छळते का, हे एकांतात, न रागावता विचारावे. वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी, शौचातून रक्त, खेळताना छातीत दुखणे किंवा चक्कर येऊन पडणे, यांपैकी काही असल्यास मैदान थांबवून डॉक्टरांकडे जावे. मूल अगदीच उदास राहत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घेण्यात कमीपणा मानू नये.

बाकी बहुतेक मुलांना लागते ती संध्याकाळची एक मोकळी जागा आणि सात-आठ सोबती. शिकवणीचा एक तास कमी करावा लागला तरी करावा. पाठीवर हात ठेवून 'खो' म्हणणारे कोणीतरी आपल्या मुलाला मिळाले आहे ना, एवढे या आठवड्यात जरूर पाहा.