डिस्कमधली काळी पट्टी

धुळ्यात आमचं लग्नाच्या शूटिंगचं काम. आखाजीच्या आसपास तिथींची गर्दी झाली की कॅमेऱ्याची कार्डं रोज रात्री रिकामी करावी लागतात. म्हणून जळगावात नवा कॉम्प्युटर जोडून घेतला, फुटेजसाठी वेगळी चार टीबीची हार्ड डिस्क टाकून. दुकानातच फॉरमॅट मारून मिळाला. सीझन अंगावर आलेला, आणल्या दिवसापासून फुटेज टाकायला लागलो. डिस्क भरत आली तेव्हा आकडा डोळ्यांत भरला: १.९९ टीबी.

दुकानात फोन लावला. "भाऊ, कंपनी लिहिते तेवढं कधीच दाखवत नाही."

हे अर्धं खरं आहे, म्हणून तर ते पटतं. कंपनी एक टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट धरते, विंडोज १०२४च्या पटीत मोजतं. त्यामुळे चार टीबीच्या डिस्कवर ३.६३ दिसतात. त्यावरून कुणी दुकानदाराशी भांडू नये. पण १.९९?

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडलं. निळ्या पट्टीखाली २०४८ जीबी आणि शेजारी काळ्या पट्टीखाली सुमारे १६७८ जीबी, 'अनअलोकेटेड'. त्या काळ्या भागावर राइट क्लिक केलं, तर 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' फिकट, दाबलंच जात नाही. जागा विकत घेतलेली, समोर दिसतेय, पण वापरता येत नाही.

कारण असं, की डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने मांडली होती. ही पद्धत १९८३ची. तिच्यात सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहितात, म्हणजे सुमारे ४२९ कोटी सेक्टर. एक सेक्टर ५१२ बाइटचा. मोजणी दोन टीबीपाशी संपते. पुढची जागा असून नसल्यासारखी. जीपीटी पद्धतीत ही अडचण नाही.

नव्या, कोऱ्या डिस्कवर हे दोन क्लिकचं काम. पहिल्यांदा 'इनिशियलाइझ' विचारतं तेव्हा जीपीटी निवडायचं, बस. डिस्क भरल्यावर मात्र विंडोजचा जीपीटीत बदलायचा पर्याय आधी सगळे भाग पुसायला लावतो. लोकांच्या घरची लग्नं त्यात असताना! मित्रांकडून दोन डिस्क मागून आणल्या. दीड टीबी हलवायला सेकंदाला शंभर एमबीच्या वेगाने चार तासांवर जातात, वर मे महिन्यातली वीज. अशा वेळी कट-पेस्ट कधीही करू नका. कॉपी करा, फाइलींची संख्या आणि साइज ताडून बघा, दोन-चार व्हिडिओ मधूनच चालवून बघा, मगच जुनं पुसा.

ज्या डिस्कवर विंडोजच आहे तिथे आणखी एक अट: जीपीटीवरून विंडोज सुरू व्हायला मदरबोर्ड यूईएफआयचा लागतो. फार जुन्या मशीनला मोठी डिस्क फक्त डेटासाठी लावा. ३२ बिटांचं एक्सपी असेल तर तिथे जीपीटी डिस्क वाचलीच जाणार नाही.

सी, डी, ई, एफ असे सारखे तुकडे पाडून द्यायची आपल्याकडच्या दुकानांची सवय मला अजिबात पटत नाही. सी भरतो, एफ ओस पडतो, आणि सी वाढवायचा तर त्याला लागूनच रिकामी जागा लागते.

पैसे देण्याआधी दुकानातच डिस्क मॅनेजमेंट उघडायला लावा. चार टीबीच्या डिस्कवर काळी पट्टी दिसली, तर तिथल्या तिथे जीपीटी करून मागा.