भाव दिसतो, वाटा दिसत नाही

भाची : मावशी, व्होडाफोन आयडियाचा शेअर दहा रुपयांच्या घरात मिळतोय. २०१५ साली आयडियाचा भाव शंभराच्या वर होता. त्याच्या निम्म्यावर जरी गेला, तरी पाचपट झाले!

मावशी : कंपनीचे एकूण शेअर किती आहेत, ते पाहिलंस?

भाची : नाही. त्याने काय फरक पडतो?

मावशी : सगळा फरक त्यानेच पडतो. शेअर म्हणजे कंपनीतला वाटा, आणि वाटेकरी वाढले की तो आक्रसतो. २०१९ च्या सुरुवातीला या कंपनीचे सुमारे ८७३ कोटी शेअर होते. त्याच वर्षी साडेबारा रुपयांनी राइट्स इश्यू आला, म्हणजे जुन्या भागधारकांनाच नवे शेअर देऊ केले, आणि २,००० कोटी शेअरची भर पडली. २०२३ मध्ये सरकारने कंपनीकडून येणं असलेल्या १६,१३३ कोटी रुपयांच्या व्याजाऐवजी दहा रुपयांच्या दराने शेअर घेतले. २०२४ मध्ये ११ रुपयांनी १८,००० कोटी रुपयांचा एफपीओ, म्हणजे नव्या शेअरची जाहीर विक्री, झाला. २०२५ मध्ये सरकारने आणखी ३६,९५० कोटी रुपयांच्या येण्याचे शेअर करून घेतले. मग शेअरचा एकूण आकडा १०,८०० कोटींच्या पुढे गेला.

भाची : बारापट!

मावशी : हो. २०१९ पासून ज्याने हजार शेअर नुसते धरून ठेवले, राइट्सही घेतले नाहीत, त्याच्या डीमॅट खात्यात आजही हजारच दिसतात. कंपनीतला त्याचा वाटा मात्र बाराव्या हिश्शावर आला. आता तुझा पन्नास रुपयांचा भाव घे. त्याला १०,८०० कोटींनी गुण. पाच लाख चाळीस हजार कोटी होतात. कंपनी एवढ्या मोलाची होईल असं तुला वाटतं का, हा खरा प्रश्न आहे.

भाची : पण पैसे कंपनीतच आले ना? कर्ज कमी झालं.

मावशी : बरोबर, आणि ते मी नाकारत नाही. नाहीतर कंपनी बुडालीच असती. २०२५ मध्ये तर बाजारभाव दहाच्या खाली असताना सरकारने दहाने शेअर घेतले, कारण दहा ही शेअरची दर्शनी किंमत, आणि तिच्यापेक्षा कमी दराने शेअर काढायला कंपनी कायद्यात मनाई आहे. पण आता सरकारचा वाटा ४९ टक्क्यांच्या आसपास आहे. उद्या कंपनी सावरली तर त्या सुधारणेतला जवळपास निम्मा हिस्सा तिकडे जाईल.

भाची : आणि अगदी छोट्या कंपन्या?

मावशी : त्यांची मला जास्त धास्ती वाटते. तिथे प्रेफरन्शियल इश्यू काढून निवडक लोकांना शेअर देतात, किंवा वॉरंट, म्हणजे ठरलेल्या दराने पुढे शेअर घेण्याचा हक्क, देतात. वॉरंटला आज पंचवीस टक्के भरायचे आणि उरलेले अठरा महिन्यांत. भाव चढला तर तो माणूस पैसे भरून जुन्या दराने शेअर घेतो. पडला तर पंचवीस टक्के सोडून देतो. तुला अशी सोय नसते. शिवाय रोजचे सौदे थोडे असले की भाव वर न्यायला फार पैसा लागत नाही. प्रेफरन्शियल इश्यूत शेअर घेतलेल्या बाहेरच्या गुंतवणूकदारांना ते साधारण सहा महिने विकता येत नाहीत. ती मुदत संपल्यावर ते विकायला निघाले, तर घेणारे तुझ्यासारखेच असतात.

भाची : मग मी बघायचं काय?

मावशी : भरणा झालेल्या भांडवलाला दर्शनी किमतीने भाग, म्हणजे शेअरची संख्या मिळेल. पाच वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांड. बोनस आणि स्प्लिट वेगळे काढ, कारण त्यांत वाटा बदलत नाही. नफा दुप्पट झाला आणि प्रति शेअर नफा जागेवरच राहिला, तर मधली वाढ नव्या शेअरनी खाल्ली. उभारलेला पैसा कारखान्यात गेला, कर्ज फेडायला गेला की प्रवर्तकांच्याच दुसऱ्या कंपनीला उसना गेला, तेही शोध. आणि शेअर घेतल्यावर पोस्टल बॅलटचे ईमेल येतात, ते उघडून वाच. प्रेफरन्शियल इश्यूच्या ठरावाला पडलेल्या मतांपैकी किमान पंचाहत्तर टक्के मतं बाजूने लागतात. शेअर कोणाला, कोणत्या दराने, कशासाठी देणार, हे सगळं त्या नोटिशीत लिहिलेलं असतं.