बिनतारी जाळे : दवाखान्याचे न दिसणारे दार

वैनगंगेकाठच्या आपल्या बालाघाटातही अनेक दवाखान्यांत नोंदवहीची जागा संगणकाने घेतली आहे. तपासण्यांचे अहवाल, सोनोग्राफीची चित्रे, रुग्णांचे पत्ते हे सारे भिंतीवरच्या एका छोट्या पेटीमार्फत हवेतून ये-जा करते. या पेटीस अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणतात. ती बसवणारा तंत्रज्ञ निघून गेला की तिच्याकडे आपण सहसा वळून पाहत नाही; म्हणून व्यवसायबंधूंसाठी मी हा विषय निवडला आहे.

निष्काळजीपणाची किंमत किती असू शकते? २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोटांची मालिका झाली. त्याआधी काही मिनिटे आलेला धमकीचा ई-मेल नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घराच्या असुरक्षित वाय-फायवरून गेला होता. त्या घरात राहणाऱ्या गृहस्थांना कटाशी संबंध नसताना चौकशीस सामोरे जावे लागले. आपल्या बाबतीत तर रुग्णाच्या गुपिताचाही प्रश्न आहे. ते जपण्याचे बंधन भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचार नियमावलीने आपल्यावर घातले आहे.

आता प्रत्यक्ष मांडणी पाहू.

पहिले काम, पेटीचा व्यवस्थापकीय पासवर्ड बदलणे. कारखान्यातून आलेला पासवर्ड अनेकदा त्या नमुन्याच्या सर्व पेट्यांवर एकच असतो व सहज सापडतो. हा पासवर्ड आणि वाय-फायचा पासवर्ड भिन्न ठेवावेत.

दुसरे, संकेतीकरणाची निवड. जुन्या डब्ल्यूईपी पद्धतीतील दोष २००१ मध्येच उघड झाले. ती वापरणे म्हणजे कुलूप लावून किल्ली दारातच ठेवणे होय. २००४ मध्ये आलेली डब्ल्यूपीए-२ एईएससह, अथवा २०१८ मधील डब्ल्यूपीए-३ निवडावी. बटण दाबून किंवा आठ अंकी पिनने जोडणारी डब्ल्यूपीएस सोय बंद करावी; तिच्या पिनमधील उणीव २०११ मध्ये जगजाहीर झाली आहे. जाळ्याचे नाव लपविल्याने मात्र संरक्षण मिळत नाही.

तिसरे व माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे, प्रतीक्षागृहातील मंडळींसाठी वेगळे 'अतिथी' जाळे. संसर्गजन्य रुग्णास आपण स्वतंत्र कक्षात ठेवतो, तोच न्याय येथेही लागू आहे. मांडणी झाल्यावर आपला मोबाइल अतिथी जाळ्यास जोडून दवाखान्याचा संगणक किंवा छपाईयंत्र दिसते का ते पाहावे. दिसल्यास विलगीकरण अपुरे आहे असे समजावे.

चौथे, चॅनेल. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात लगतच्या चॅनेलांमध्ये केवळ ५ मेगाहर्ट्झचे अंतर असते, तर प्रत्येक प्रक्षेपण सुमारे २० मेगाहर्ट्झ जागा व्यापते. त्यामुळे १, ६ आणि ११ हीच चॅनेले निवडावीत, म्हणजे ती एकमेकांवर येत नाहीत. मायक्रोवेव्ह डायथर्मीचे यंत्र २४५० मेगाहर्ट्झवर, म्हणजे याच पट्ट्यात चालते. भौतिकोपचाराच्या खोलीशेजारी जोडणी तुटत असेल, तर ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरून पाहावा. मात्र त्याचा पल्ला कमी असतो. क्ष-किरण कक्षाच्या शिशाच्या आवरणातून लहरी पार होत नाहीत, म्हणून त्याच्या आडोशाला पेटी लावू नये.

शेवटी, इंटरनेटवरून पेटी हाताळण्याची सोय बंद करावी, उत्पादकाची सुधारित आज्ञावली वेळोवेळी घालावी आणि कर्मचारी काम सोडून गेल्यास पासवर्ड बदलावा.

या साऱ्यास एक दुपार पुरेशी आहे. शस्त्रक्रियेपूर्वी हात धुण्यास आपण कधी वेळेचा हिशेब करीत नाही. रुग्णाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट आपल्या भिंतीबाहेर जाऊ नये यासाठीही तो करू नये, एवढीच माझी विनंती.