दगडही बदलतो

एखादा माणूस ऐकेना, की आपण म्हणतो, "काय हा दगड!" दगड म्हणजे कधी न बदलणारा, अशी आपली समजूत. पण ही समजूत खरी नाही. दगडही बदलतो. फार सावकाश बदलतो, म्हणून आपल्याला कळत नाही.

विहीर खणणाऱ्याला विचारा. पुष्कळ ठिकाणी वर काळी माती लागते. तिच्याखाली मुरूम. मग मऊसर खडक. त्याखाली काळा पाषाण. तिथे पहार चालत नाही, सुरुंग लावावा लागतो. नावे निराळी, पण घराणे एकच. पाषाण झिजला, त्याचा मुरूम झाला. मुरूम झिजला, त्याची माती झाली.

हा पाषाण आला कुठून? सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला मोठ्या भेगा पडल्या. त्यांतून तापलेला रस बाहेर आला. त्याला लाव्हा म्हणतात. तो दूरवर पसरला आणि थिजला. असे थरावर थर बसले. अशा दगडाला अग्निजन्य खडक म्हणतात. आपला पाटा-वरवंटा याच दगडाचा. देवगिरीचा किल्ला याच दगडाच्या डोंगरावर आहे. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, याच दगडात वरून खाली कोरले.

एवढा कठीण दगड झिजतो कसा? दिवसा उन्हाने तो तापतो, रात्री निवतो. त्याला बारीक चिरा पडतात. चिरांत पावसाचे पाणी मुरते. झाडांची मुळे शिरतात. दगडात लोखंडाचा अंश असतो, तो गंजतो. म्हणून मुरूम तांबूस दिसतो. रस्त्यासाठी डोंगर कापलेला असेल तिथे पाहा. कांद्याच्या पापुद्र्यासारखे दगडाचे पापुद्रे सुटलेले दिसतील.

माती पावसाने ओढ्यात जाते, ओढ्यातून गोदावरीत. पैठणला नाथसागरात पुष्कळ गाळ बसतो. जो पुढे जातो तो पार समुद्र गाठतो. तळाशी थर साचतात. वरच्या थरांच्या भाराने खालचे दबतात, घट्ट होतात. लाखो वर्षांनी त्यांचा पुन्हा दगड होतो. तो गाळाचा खडक.

हा खडक जमिनीत खोल गेला, की उष्णता आणि दाब यांनी त्याचे रूप पालटते. तो रूपांतरित खडक. चिखलाच्या दगडाची पाटी होते. होय, ज्या दगडी पाटीवर आपण अक्षरे गिरवली, ती एके काळी चिखल होती! चुनखडीचा संगमरवर होतो. बीबी का मकबऱ्याचा घुमट संगमरवराचा आहे. तो दगड इथला नव्हे, बाहेरून आणलेला. आणि खडक याहून खोल जाऊन वितळला, तर त्याचा पुन्हा तप्त रस होतो. असे हे रहाटगाडगे चालले आहे.

हा धडा वर्गात सांगत होतो. एक आजीबाई म्हणाल्या, "गुरुजी, मग माझ्या शेतातली वाहून गेलेली माती पुन्हा होईल की!"

मी म्हणालो, "होईल बाई. पण एक इंच माती व्हायला शेकडो वर्षे लागतात. ती तुमच्या पणतवंडांच्याही पणतवंडांना मिळेल."

बाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे बांध घातलेला बरा."

हेच खरे. दगडाला घाई नाही, आपल्याला पोट आहे. उताराला आडवी नांगरट करा. बांध घाला. बांधावर गवत, झाडे राखा. निसर्गाने शेकडो वर्षांत दिलेली माती एका वळवाच्या पावसात घालवू नका.

प्रश्न
1. मुरूम तांबूस का दिसतो?
2. खडकांचे तीन प्रकार कोणते?
3. तुमच्या गावच्या विहिरीत कोणकोणते थर लागले? घरी विचारून लिहा.