वेगवान मोटारीचे ब्रेक : डिस्क आणि पॅड यांची निवड

मोटारीला वेग देणे हे इंजिनाचे काम, तर तो वेग आवरणे हे ब्रेकचे. चपळ आणि जोमदार मोटारीचा मालक इंजिनाच्या शक्तीविषयी जितक्या आस्थेने बोलतो, तितक्या आस्थेने ब्रेकविषयी सहसा बोलत नाही. झिजलेल्या डिस्क आणि पॅड बदलण्याची वेळ आली म्हणजे मात्र त्याच्यापुढे अनेक पर्याय उभे राहतात. डिस्क साध्या असतात, भोके पाडलेल्या असतात, खाचा पाडलेल्याही असतात. पॅडचे द्रव्य तर याहूनही विविध. केवळ रूपावरून किंवा किमतीवरून केलेली निवड येथे धोक्याची ठरू शकते. म्हणून ब्रेकचे कार्य नेमके कसे चालते, हे प्रथम समजून घेणे इष्ट होय.

उष्णतेचा हिशेब

ब्रेक म्हणजे गतीचे उष्णतेत रूपांतर करणारे यंत्र. चाकाबरोबर फिरणाऱ्या बिडाच्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड दाबले जातात आणि घर्षणामुळे मोटारीची गतिज ऊर्जा उष्णता बनून डिस्कमध्ये शिरते. 1200 किलोग्रॅम वजनाची मोटार ताशी 100 किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा सुमारे 4 लाख 63 हजार ज्यूल असते. एवढ्या उष्णतेने सव्वा लिटरहून अधिक पाणी 20 अंश सेल्सिअसपासून उकळीपर्यंत नेता येईल. ब्रेक लावताना मोटारीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे यातील सुमारे 70 टक्के वाटा पुढच्या दोन चाकांकडे येतो असे धरू. पुढची प्रत्येक डिस्क 6 किलोग्रॅमची असल्यास एकदा थांबण्यानेच तिचे तापमान सुमारे 55 अंशांनी वाढते. निवण्यास अवधी न मिळता अशी क्रिया पुनःपुन्हा घडली, तर तापमान कित्येक शे अंशांवर जाते. शिवाय ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी 140 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या याच मोटारीत जवळजवळ दुप्पट ऊर्जा साठलेली असते.

घाटातील उतारावर हा हिशेब अधिक कठोर होतो. उटीहून मेट्टुपाळयमला उतरताना मोटार सुमारे 1900 मीटर खाली येते. त्या उंचीमुळे मोकळी होणारी ऊर्जा याच मोटारीला ताशी 100 किलोमीटर वेगावरून अठ्ठेचाळीस वेळा थांबविण्याइतकी असते. हवेचा अवरोध आणि खालच्या गिअरमधील इंजिन यांनी यातील मोठा भाग झेलला नाही, तर तो सर्व ब्रेकवर येऊन पडतो.

ब्रेक निकामी होण्याचे दोन प्रकार

अतितापाने ब्रेक दोन रीतींनी दगा देतात. पहिल्या प्रकारात पॅडमधील राळेसारखी बंधक द्रव्ये विघटित होऊन त्यांतून वायू निघतो आणि घर्षण घटते. पेडल घट्ट लागते, पण मोटार मंदावत नाही. दुसऱ्या प्रकारात ब्रेकमधील द्रवच उकळतो. वाफ दाबली जात असल्यामुळे पेडल मऊ होऊन खाली बसते. पहिल्यावर उपाय योग्य पॅड हा आहे, दुसऱ्यावर ताजा द्रव. डॉट 3 द्रवाचा उत्कलनबिंदू कोरड्या स्थितीत किमान 205 अंश असतो, पण ओलावा शोषल्यावर तो 140 अंशांपर्यंत उतरू शकतो. डॉट 4 साठी हेच आकडे 230 व 155 आहेत. हा द्रव हवेतील ओलावा शोषत असल्याने तो साधारणपणे दर दोन वर्षांनी बदलावा. जुन्या द्रवावर महागडे पॅड बसविणे व्यर्थ होय.

डिस्कचे प्रकार

डिस्क ब्रेकचे एक पेटंट फ्रेडरिक लँचेस्टर यांनी इंग्लंडमध्ये 1902 मध्ये घेतले होते. त्याची योग्यता जगापुढे ठळकपणे आली ती 1953 मध्ये. त्या वर्षी फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत डनलॉपच्या डिस्क ब्रेकनी सज्ज असलेल्या जॅग्वार मोटारीने जिंकली. बंदिस्त ड्रमपेक्षा उघडी डिस्क लवकर निवते, हे तिच्या यशाचे रहस्य.

आजच्या वेगवान मोटारींच्या पुढच्या डिस्क बहुधा पोकळ असतात. दोन पृष्ठांच्या मधल्या पडद्यांतून हवा केंद्राकडून परिघाकडे फेकली जाते. पडदे वक्र असल्यास डिस्क डावी व उजवी अशी वेगळी असते आणि ती अदलाबदल करून बसविणे चूक ठरते.

भोके पाडलेली डिस्क शर्यतीच्या मोटारीसारखी दिसते म्हणून लोकप्रिय आहे. भोकांमुळे वजन किंचित घटते, पावसात पाणी लवकर निघून जाते आणि पॅडचा वायूही बाहेर पडतो. परंतु तेवढेच लोखंड कमी झाल्यामुळे उष्णता साठविण्याची शक्तीही घटते, आणि वारंवार तापल्यास भोकांच्या कडांपासून तडे जाऊ लागतात. खाचा पाडलेल्या डिस्कमध्ये तड्यांचा धोका पुष्कळच कमी असतो. खाचा पॅडचे पृष्ठ खरवडून स्वच्छ ठेवतात, पण त्यामुळे पॅड अधिक झिजतात व थोडा आवाजही होतो. रस्त्यावरील वापरासाठी मूळ मापाची, सपाट पृष्ठाची, चांगल्या ओतकामाची पोकळ डिस्क बहुतेकांना पुरेशी असते.

मोठ्या व्यासाच्या डिस्कचा मोह अनेकांना होतो. व्यास 280 मिलिमीटरवरून 310 वर नेला, तर तेवढ्याच दाबाने सुमारे 11 टक्के अधिक पीळ मिळतो आणि उष्णता साठविणारे वस्तुमानही वाढते. मात्र थांबण्याचे अंतर शेवटी टायरची पकड ठरविते. मूळ ब्रेक चाके जखडू शकत असतील, तर मोठ्या डिस्कमुळे एकदा थांबण्याचे अंतर घटत नाही. लाभ होतो तो पुनःपुन्हा ब्रेक लावताना. उलट, केवळ पुढची बाजू बळकट केल्यास पुढच्या व मागच्या चाकांमधील समतोल बिघडतो.

पॅडचे द्रव्य

पॅड निवडताना तीन गोष्टी पाहाव्या: घर्षणांक, तापमानाचा पल्ला आणि डिस्कची झीज. रस्त्यावरील मोटारीच्या पॅडचा घर्षणांक साधारण 0.35 ते 0.45 असतो. अनेक पॅडच्या पाठीवर किंवा कडेवर दोन रोमन अक्षरे छापलेली असतात. पहिले सामान्य तापमानातील घर्षण दाखविते, दुसरे तापलेल्या स्थितीतील. ई पेक्षा एफ व एफ पेक्षा जी वरचढ. एफ-ई अशी खूण म्हणजे तापल्यावर पकड घटण्याची सूचना होय.

सेंद्रिय पॅड शांत व डिस्कला सौम्य असतात, पण तापल्यावर लवकर हार मानतात. अर्धधातूचे पॅड उष्णता अधिक सोसतात, परंतु आवाज करतात आणि डिस्क झिजवितात. सिरॅमिक प्रकारचे पॅड शांत व कमी धूळ करणारे असतात. शर्यतीचे पॅड रस्त्यावर बसविणे ही सर्वांत घातक चूक. ते तापल्याशिवाय नीट पकडत नाहीत, आणि रस्त्यावर अचानक समोर येणारे मूल ब्रेक तापण्याची वाट पाहत नाही. इरुंगाट्टुकोट्टै किंवा चेट्टिपाळयम येथील शर्यतीच्या धावपट्टीवर जाणाऱ्याने त्या दिवसापुरते वेगळे पॅड लावावे आणि परतताना ते उतरवावे.

बसविताना घ्यावयाची काळजी

डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते; त्याखाली गेलेली डिस्क वापरू नये. डिस्क व पॅड एका आसाच्या दोन्ही चाकांवर एकदमच बदलावे, अन्यथा मोटार एका बाजूला ओढली जाते. नवी डिस्क बसविण्यापूर्वी हबवरील गंज काढून टाकावा. गंजाच्या पापुद्र्यामुळे डिस्क किंचित तिरकी बसते, ती असमान झिजते आणि काही हजार किलोमीटरनंतर पेडल थरथरू लागते. अशा वेळी डिस्क वाकडी झाल्याचा बोल लावला जातो. वस्तुतः दोष बहुधा जाडीतील सूक्ष्म फरकाचा किंवा पॅडच्या द्रव्याचा थर असमान बसल्याचा असतो. जुन्या पॅडच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ती फुंकून उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी.

शेवटी नवे पॅड व डिस्क परस्परांशी जुळवून घ्यावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर ताशी 60 किलोमीटरवरून 15 पर्यंत वेग आठ-दहा वेळा मध्यम दाबाने उतरवावा, पूर्ण थांबू नये आणि नंतर काही किलोमीटर ब्रेक न लावता मोटार चालवून ते निवू द्यावेत. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभे राहिल्यास पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो.

यावरून निवडीचा क्रम स्पष्ट होतो. प्रथम टायर व द्रव, मग आपल्या वापरास साजेसे पॅड, त्यानंतर निर्दोष डिस्क, आणि या सर्वांनी गरज भागत नसेल तरच मोठा व्यास. मोटार किती वेगाने धावते यापेक्षा ती घाटाच्या शेवटच्या वळणावरही पहिल्या वळणासारखीच थांबते की नाही, यावर तिच्यातील माणसांचे जीवित अवलंबून असते.